मुलांच्या अंगावरचे कपडे चोरल्याचा खटला, आणि दुसऱ्या दिवशी खून : पार्ली प्रॅट (१८०७–१८५७)

सातबारा

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर युटाहून आलेला एक जण बसतो. मॉर्मन आहे, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचा. चहा नाही, कॉफी नाही, त्यामुळे आमची मैत्री व्हायला जरा वेळच लागला. मागच्या महिन्यात डबा खाताना मी सहज म्हटलं, शनिवारी फोर्ट स्मिथला जाणार आहे. तर म्हणाला, "मग वाटेत आल्मा लागेल. तिथून जवळच आमचे एक पूर्वज पुरलेत." थोडं थांबला आणि म्हणाला, "म्हणजे, पुरले होते."

हे "होते" काही डोक्यातून जाईना.

मी आर्कान्सातल्या बेंटनव्हिलला सहा वर्षं राहतोय. आल्मा म्हणजे हायवेवरून दिसणारं गाव एवढीच माझी ओळख. गावाला पालकाची राजधानी म्हणतात, म्हणून तिथे पोपायचा पुतळा आहे (पोराला फार आवडतो, फोटो नंतर टाकतो). त्या पुतळ्यापासून उत्तरेला रूडी नावाचं चिमुकलं खेडं आहे. त्याच्याजवळ शेतात पार्ली पार्कर प्रॅट या मॉर्मन धर्मप्रचारकाचं स्मारक आहे. मी गेलो तेव्हा तिथे आम्ही तिघं आणि लांबवर चार गाई, बाकी कोणी नव्हतं. तिथून आल्यापासून जे वाचत सुटलोय ते इथे लिहितो. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

पार्लीचा जन्म १२ एप्रिल १८०७चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बर्लिंग्टनचा. घरची गरिबी. १८२७मध्ये थँकफुल हॅल्सीशी लग्न करून तो ओहायोच्या जंगलात झाडं तोडून शेती करायला गेला. धर्माचा नाद आधीपासूनच होता. १८३०च्या उन्हाळ्यात त्याच्या हाती मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचा नुकताच छापलेला ग्रंथ पडला आणि हा माणूस त्यातच बुडाला. सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला आणि महिना-दीड महिन्यात पायी मिसूरीकडे प्रचाराला निघालासुद्धा.

वाटेत ओहायोत त्याला कसल्याशा फुटकळ आरोपावरून पकडलं. रात्रभर ताब्यात ठेवून सकाळी शिपाई त्याला घेऊन निघाला, बरोबर भलाथोरला बुलडॉग. पार्लीने शिपायाला विचारलं, तुम्हाला पळायला कसं येतं हो? नाही म्हणाला. मला छान येतं, म्हणत हा सुटला. मागून शिपाई ओरडून कुत्र्याला सोडतोय, कुत्रं अगदी जवळ आलंय. तेवढ्यात पार्लीने समोरच्या रानाकडे बोट दाखवून टाळ्या वाजवल्या आणि शिपायाचेच शब्द ओरडला. कुत्र्याला वाटलं सावज पुढे आहे. ते त्याला ओलांडून रानात पसार झालं. ही गोष्ट त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे, त्यामुळे चिमूटभर मीठ हवंच. पण माणूस कळतो. हजरजबाबी, थोडा नाटकी, आणि आपली गोष्ट रंगवून सांगण्याची हौस असलेला.

१८३५मध्ये तो बारा प्रेषितांच्या मंडळात गेला. १८३६मध्ये टोरांटोत त्याने जॉन टेलर नावाच्या गृहस्थाला धर्मात आणलं, पुढे तो चर्चचा तिसरा अध्यक्ष झाला. १८३७मध्ये थँकफुल पहिल्या बाळंतपणात गेली. १८३८ तर सगळ्यांनाच वाईट गेलं. मिसूरीत मॉर्मन लोंढ्याने येऊन जमिनी घेत होते, मतं एकगठ्ठा टाकत होते, बहुतेक उत्तरेकडचे, आणि मिसूरी गुलामीचं राज्य. ठिणगी पडायला वेळ लागला नाही. गव्हर्नर बॉग्जने २७ ऑक्टोबरला लेखी हुकूम काढला : मॉर्मनांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर नामशेष करा. (हा हुकूम रीतसर मागे घ्यायला १९७६ उजाडलं!) तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीत सतरा जण मारले गेले. पार्ली तुरुंगात गेला, आधी रिचमंड, मग कोलंबिया. आठ महिने आत. आणि पळाला कधी, तर ४ जुलै १८३९ला, ऐन स्वातंत्र्यदिनी. संध्याकाळचं जेवण द्यायला दार उघडलं तशी कैद्यांनी धडक मारली आणि रानात ठेवलेल्या घोड्यांकडे धूम ठोकली.

पुढचं भराभर सांगतो. १८४०मध्ये इंग्लंड, मँचेस्टरला चर्चचं मासिक सुरू केलं. १८४४मध्ये जोसेफ स्मिथचा जमावाकडून खून. १८४७मध्ये बैलगाड्यांचा तांडा घेऊन सॉल्ट लेक. तिथे पोटापाण्यासाठी डोंगरातून रस्ता काढला आणि १८५०मध्ये त्यावर टोल लावला. १८५१मध्ये चर्चने चिलीला पाठवलं. बरोबर बायको फीबी, तिला दिवस गेलेले. स्पॅनिश जेमतेम, देशात यादवी, जवळ पैसा नाही. वाल्पाराइसोला मुलगा झाला आणि पाच आठवड्यांचा होऊन गेला. एकही माणूस धर्मात न आणता मार्च १८५२मध्ये ही दोघं परत निघाली.

आता मुख्य गोष्ट. इथे बहुतेक लेखक "पार्ली आणि हेक्टर" असं लिहितात. मला वाटतं ही गोष्ट एलेनोरची आहे.

एलेनोर मॅकोम्ब, जन्म १८१७, व्हर्जिनियातल्या व्हीलिंगची. १८४१मध्ये हेक्टर मॅक्लीनशी लग्न. तीन मुलं : फिट्झरॉय, अल्बर्ट, अ‍ॅनी. हेक्टर दारू प्यायचा. न्यू ऑर्लिन्सहून हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला आलं आणि तिथे एलेनोर मॉर्मन सभांना जाऊ लागली. हेक्टरने काय केलं, तर एक गुप्ती विकत आणली आणि सांगितलं, बाप्तिस्मा घेतलास तर तुला आणि देणाऱ्याला, दोघांना भोसकीन. तिने १८५४मध्ये बाप्तिस्मा घेतलाच. पार्ली त्याच सुमारास चर्चच्या कामासाठी सॅन फ्रान्सिस्कोला आला. हेक्टरने तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकायची खटपट केली, ती फसली. मग एक दिवस त्याने तिला न सांगता मुलं बोटीत बसवून न्यू ऑर्लिन्सला तिच्याच आईवडिलांकडे पाठवून दिली. ती मागोमाग गेली. आईवडिलांनी जावयाची बाजू घेतली. मुलं मिळेनात, तेव्हा ती एकटीच युटाला आली, पार्लीच्या मुलांना शिकवू लागली, आणि १४ नोव्हेंबर १८५५ला चर्चचा तेव्हाचा अध्यक्ष ब्रिगहम यंग याने तिचं पार्लीशी "सीलिंग" लावलं. म्हणजे मॉर्मनांची अनंतकाळाची लग्नगाठ. कोर्टात काडीमोड झालेलाच नव्हता. ती त्याची बारावी बायको.

१८५६च्या शरदात दोघं पूर्वेकडे निघाली. तो प्रचाराला, ती मुलांसाठी. न्यू ऑर्लिन्सला आईवडिलांना तिने पटवलं की मी मॉर्मनपणा सोडला, आणि अल्बर्ट व अ‍ॅनीला घेऊन टेक्ससमार्गे सटकली. हेक्टरला पत्ता लागला. पार्लीची पत्रं त्याच्या हाती पडली आणि तो माग काढत आला. मे १८५७मध्ये आजच्या ओक्लाहोमात, तेव्हाच्या इंडियन टेरिटरीत, दोघांना अटक झाली. मुलं जागच्या जागी बापाच्या हवाली.

आणि आरोप कोणता? मुलांच्या अंगावरच्या कपड्यांची चोरी.

व्हॅन ब्युरनला कोर्ट. गावात शेकडो लोक जमलेले, सगळे हेक्टरच्या बाजूचे. हेक्टरने कोर्टातच पिस्तुलाला हात घातला. कमिशनर जॉन ऑग्डन यांनी एलेनोरची कैफियत ऐकली, पुरावा नाही म्हणून दोघांनाही सोडलं, आणि पार्लीला १३ मेच्या पहाटे गुपचूप बाहेर काढलं. जाताना त्याला सुरी आणि पिस्तूल देऊ केलं. त्याने घेतलं नाही. हेक्टर दोन साथीदारांसह मागावर होता. सुमारे बारा मैलांवर एका शेताजवळ गाठलं. आधी गोळ्या झाडल्या, त्या लागल्या नाहीत. मग छातीत सुरा खुपसला. तो खाली पडल्यावर निघून गेला, आणि थोड्या वेळाने परत येऊन मानेजवळ गोळी घातली. रक्त जाऊन जाऊन पार्ली त्या शेतातच संपला. वय पन्नास. एलेनोरने त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून पुरवलं.

हेक्टरला कोणी हातही लावला नाही. तो बोटीत बसून मुलांसह न्यू ऑर्लिन्सला गेला.

---

पोहेवाला

बाब्बौ! एका दमात वाचलं. कुत्र्याचा किस्सा जबरी आहे. पण "पुरले होते"चं काय झालं ते सांगितलंच नाहीस की!

---

खवचट_काकू

लिहिलंय छान. पण मला एक सांगा, बारा बायका, मुलं किती ते तुम्ही मोठ्या मनाने लिहिलं नाही, आणि हा गृहस्थ आयुष्यभर कधी इंग्लंडात, कधी चिलीत, कधी तुरुंगात. घर कोण चालवत होतं? शेवटी दुसऱ्याची लग्नाची बायको नेली, नवऱ्याने मारलं. आमच्या वाड्यात याला दोन ओळींत गुंडाळलं असतं.

---

सातबारा

@पोहेवाला, येतोय त्यावर, पोराला झोपवून.

@खवचट_काकू, मुलं तीस. 😀 आणि घर अर्थातच बायकाच चालवत होत्या. शेती, शिवण, शाळा, सगळं. त्या सगळ्या मुकाट नव्हत्या हेही सांगतो. थँकफुलनंतरची बायको मेरी अ‍ॅन हिने १८५३मध्ये रीतसर काडीमोड घेतला. युटात बाईला काडीमोड मिळणं तुलनेने सोपं होतं. एलेनोरला कॅलिफोर्नियात किंवा लुइझियानात मुलांसह तो मिळाला असता का, हा खरा प्रश्न आहे.

तुमच्या "दोन ओळीं"बद्दल : आर्कान्सातल्या तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी अगदी हेच केलं. अब्रूदार नवरा, भोंदू धर्मगुरू, बिचारी भुललेली बाई, खेळ खलास. एलेनोर चाळिशीची, शिकलेली, स्वतः लिहिणारी बाई होती. कोर्टात तिने स्वतःच सगळं सांगितलं, त्यावरून कमिशनरचं मत फिरलं. तिला कोणी "नेलं" असं मला तरी दिसत नाही. पार्ली भेटायच्या आधीच ती हेक्टरशी भांडून धर्म बदलायला निघाली होती.

---

वकिलीणबाई

कपडे चोरल्याच्या आरोपावर हसू नका मंडळी, ती त्या काळच्या कायद्याची अगदी सरळ खेळी आहे.

आईने स्वतःची मुलं पळवली, यावर गुन्हा लावायचा कोणता? मुलं ही चोरीची वस्तू नाही. पण विवाहित बाईची वेगळी मालमत्ता कायद्याला फारशी मान्यच नव्हती. घरातलं फडकंही नवऱ्याचं. म्हणजे मुलांच्या अंगावरचा सदरा बापाच्या मालकीचा, आणि तो सदरा घेऊन कोणी गेलं तर चोरी. मुलांचा ताबाही बापाचाच समजायचे, म्हणून पकडल्या पकडल्या कोर्टाची वाट न बघता मुलं हेक्टरला देऊन टाकली.

आणि व्हॅन ब्युरनच का? इंडियन टेरिटरीत गोऱ्या माणसावरचे खटले चालवायचा अधिकार १८५१पासून तिथल्या फेडरल कोर्टाला होता. हेच कोर्ट पुढे फोर्ट स्मिथला हललं आणि जज पार्करमुळे फाशीसाठी गाजलं. सातबारा, तुम्ही फोर्ट स्मिथला ते बघितलंच असेल.

मला खटकतं ते हे की कमिशनरने माणूस सोडला, पण पहारा दिला नाही. गावात काय शिजतंय ते त्याला दिसत होतं, म्हणून तर सुरी देऊ केली ना? आरोपीच्या हातात हत्यार द्यायचं आणि म्हणायचं, आता तुझं तू बघ.

---

सातबारा

वकिलीणबाई, दंडवत. हे सदऱ्याचं गणित मला कळलंच नव्हतं. मी नुसतंच "विचित्र आरोप" म्हणून पुढे गेलो होतो. आणि हो, फोर्ट स्मिथचं कोर्ट बघितलं, फाशीचा चौथराही बघितला. तेव्हा हे डोक्यातच नव्हतं.

---

युटाकर

बारा वर्षं सॉल्ट लेकला आहे. तू ज्या टोलच्या रस्त्याचा एका ओळीत निकाल लावलास, त्याच पार्लीज कॅन्यनमधून मी रोज कामाला जातो. आता तिथून इंटरस्टेट ८० जातो. पार्लीने त्याला गोल्डन पास असं झकास नाव दिलं होतं. टोल भरून सोनं शोधायला जाणारे लोक बघता नाव चुकीचं नव्हतं. आणि २४ जुलैला इथे पायोनियर डेची सुट्टी असते. आमच्यासारखे उपरे त्याला "पाय अँड बिअर डे" म्हणून साजरा करतात.

आता गंभीर भर. पार्लीचा खून मे १८५७. त्याच उन्हाळ्यात अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी युटावर सुमारे अडीच हजारांचं सैन्य पाठवलं. जुलैच्या अखेरीस ती बातमी सॉल्ट लेकला पोचली आणि त्याच दिवसांत एलेनोरही मुलांशिवाय परत आली. म्हणजे लोकांनी एकाच आठवड्यात दोन गोष्टी ऐकल्या : सैन्य येतंय, आणि आपल्या प्रेषिताला आर्कान्सात कापलं. मिसूरीच्या आठवणी ताज्या होत्याच.

आणि सप्टेंबरात आर्कान्साचाच एक तांडा दक्षिण युटातून कॅलिफोर्नियाला चालला होता. माउंटन मेडोज. ७ सप्टेंबरला वेढा, ११ला पांढरं निशाण दाखवून, सुरक्षित नेतो असं वचन देऊन बाहेर काढलं आणि सुमारे १२० माणसं मारली. स्थानिक मॉर्मन मिलिशिया आणि त्यांनी बरोबर घेतलेले पायूट जमातीचे काही लोक. सात वर्षांखालची सतरा मुलं तेवढी ठेवली. ती जागा मी पाहिली आहे. नुसतं गवत आणि वारा. मला तिथे दहा मिनिटांच्या वर उभं राहवलं नाही.

---

मी_आपला_उगाच

म्हणजे सरळ आहे ना, पार्लीच्या खुनाचा बदला! त्या तांड्यात पार्लीला मारणारे पण होते असं मी कुठेतरी वाचलंय. रक्ताला रक्त.

---

सातबारा

@मी_आपला_उगाच, नाही हो. ही अफवा आहे आणि तारखांतच फुटते. हा तांडा (त्याला बेकर-फँचर तांडा म्हणतात) आर्कान्सातून एप्रिलच्या सुमारास निघाला, पार्ली मेला १३ मेला. तेव्हा हे लोक कितीतरी मैल पुढे मैदानात होते. हेक्टर तर न्यू ऑर्लिन्सकडे. मारले गेलेले लोक इथल्याच आसपासच्या तालुक्यांतले शेतकरी होते. त्यांच्यातल्या अनेकांनी पार्लीचं नावही ऐकलं नसेल.

---

युटाकर

+१. "बदला" हा शब्द दोन्ही बाजूंना सोयीचा आहे. चर्चवर राग असलेल्यांना वाटतं, बघा कसे खुनशी. आणि चर्चच्या बाजूच्या काही जुन्या लोकांना वाटायचं, त्या लोकांनी आधी आमचा माणूस मारला होता. पार्लीच्या मरणाने हवा तापली यात शंका नाही. पण तिथल्या सीडर सिटी गावच्या मॉर्मन पुढाऱ्यांनी जे केलं ते युद्धाचा ज्वर, आधी हल्ला करून मग पुरावा मिटवायची धडपड, आणि वरच्याचा हुकूम मुकाट पाळायची सवय, यातून. ब्रिगहम यंगचं "तांड्याला जाऊ द्या" असं पत्र घोडेस्वाराने आणलं १३ सप्टेंबरला. दोन दिवस उशिरा.

इतक्या जणांत शिक्षा झाली एकाच माणसाला, जॉन डी. ली. १८७७च्या मार्चमध्ये, त्याच जागी, शवपेटीवर बसवून गोळ्या घातल्या. त्याचे वंशजही भरपूर. केनेडींच्या मंत्रिमंडळातले स्टुअर्ट उडॉल हे त्याचे पणतू. आणि पार्लीचा खापरपणतू कोण, तर मिट रॉम्नी, २०१२ला ओबामांसमोर उभा होता तो.

---

सातबारा

वाचलेल्या सतरा मुलांतली बहुतेक १८५९च्या सप्टेंबरात आर्कान्सात परत आणली, कॅरलटनला. नातेवाईक येऊन ओळख पटवून घेऊन गेले. दोन वर्षं ज्यांच्या घरात वाढली त्यातल्या काहींनी त्यांच्याच आईबापांना मारलेलं. आमच्यापासून पूर्वेला हॅरिसनला, कोर्टासमोरच्या चौकात, त्या तांड्याचं स्मारक आहे. रूडी आणि हॅरिसन, दोन्ही एका दिवसात गाडीने होतं. दोन्ही ठिकाणी जाणारा माणूस मात्र विरळा, असं माझा ऑफिसातला मित्र म्हणाला. तो गेलाय.

---

डोंगरवाट

अवांतर, पण धाग्याशी नातं आहे. मॉर्मन प्रचारक तेव्हा आपल्याकडेही येऊन गेलेत. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात त्याने छोटीशी शाखाही काढली. मुख्यतः छावणीतले गोरे सैनिक आणि त्यांच्या भोवतालचे लोक. लष्कराला हे अजिबात रुचलं नाही. दोन-तीन वर्षांत सगळं आटोपलं.

---

पोहेवाला

पुण्यात मॉर्मन! दुपारी एक ते चार बाप्तिस्मा बंद असणार.

---

खवचट_काकू

पोहेवाला, 😂😂

---

सातबारा

डोंगरवाट, हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद! आणि वर्षं बघा कशी जुळतात. २९ ऑगस्ट १८५२ला सॉल्ट लेकच्या सभेत चर्चने बहुपत्नीत्व पहिल्यांदा जाहीरपणे मान्य केलं. ते भाषण कोणी केलं? ऑर्सन प्रॅट. पार्लीचा सख्खा धाकटा भाऊ. तोवर बाहेरगावी प्रचारक "छे, असं काही नाही" म्हणत असत. खुद्द पार्लीने १८४३पासून एकाहून जास्त बायका केल्या होत्या, हेही खरं. म्हणजे फिंडले मुंबईत पोचतोय न पोचतोय तोच मागून ही बातमी. बिचाऱ्याला छावणीतल्या पाद्र्यांनी किती छळलं असेल.

पार्लीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच लपवणं. खून झाला म्हणून माणूस धुतल्या तांदळाचा होत नाही. तो धाडसी होता, गरिबीला भ्यायला नाही, हत्यार हातात घेतलं नाही. पण दुसऱ्याला वर्षानुवर्षं अर्धंच खरं सांगत आला, हेही त्याच्याच खात्यावर.

---

वकिलीणबाई

आणि "पुरले होते"?

---

सातबारा

हो, राहिलंच.

मरताना पार्लीने आपल्याला युटाला घरच्यांजवळ न्यावं असं सांगितलं होतं, अशी घराण्यात आठवण आहे. दीडशे वर्षं ते जमलं नाही. २००८मध्ये वंशजांनी इथल्या कोर्टाची परवानगी काढली. अस्थी सॉल्ट लेकच्या दफनभूमीत हलवायच्या असं ठरलं. जमिनीखालचं रडारने तपासलं, एप्रिलमध्ये खोदलं. काही नाही. हाड नाही, पेटीचा तुकडा नाही, बटण नाही. नुसती चिकणमाती. जमीन ओली, पेटी साधी पाइनची, सगळं विरून गेलं असेल, किंवा दगडच चुकीच्या जागी असेल. मग खड्डा बुजवून लोक परत गेले.

माझ्या मित्राचे काका तेव्हा तिथे होते. त्यांनी थोडी माती बाटलीत भरून नेली म्हणे. म्हणून तो "होते" म्हणाला.

---

डोंगरवाट

बाटलीतली माती. आपल्याकडे असती तर कोणीतरी लगेच गंगेत सोडून मोकळं झालं असतं.

एलेनोरचं पुढे काय झालं?

---

सातबारा

युटातच राहिली. सॉल्ट लेकला शाळा चालवली. १८७४च्या ऑक्टोबरात वारली. पार्लीचं आत्मचरित्र, त्याच्या मुलाने संपादून काढलेलं, त्याच वर्षी प्रसिद्ध झालं.

काल मित्राला या धाग्याबद्दल सांगितलं. मराठी वाचता येत नसल्यामुळे मी तोंडी भाषांतर करत होतो. त्याने फोनवर त्यांची वंशावळ उघडली. आपले कुलवृत्तांत असतात तसंच, फक्त अफाट. हे लोक पूर्वजांसाठी मागाहून बाप्तिस्मा घेतात, त्यामुळे एकेक नाव शोधून काढतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीसुद्धा यांनी मायक्रोफिल्म करून ठेवली आहे. तर पार्लीच्या नावाला बोट लावलं की बारा चौकटी उघडतात. थँकफुलखाली एक मुलगा, त्याला पुढे फांद्या. फीबीखाली तीन, त्यात तो वाल्पाराइसोचा पाच आठवड्यांचाही. असं करत खाली गेलो. शेवटची चौकट एलेनोरची. तिच्याखाली रेघच नाही. पार्लीपासून तिला मूल झालं नाही. तिची तीन मुलं मॅक्लीनच्या नावाखाली, दुसऱ्याच झाडावर.

मित्र बघत राहिला. म्हणाला, आमच्या घरी सगळे तिला "ती मॅक्लीनबाई"च म्हणतात.

---

खवचट_काकू

माझी ती दोन ओळींची प्रतिक्रिया मागे घेत नाही, पण दुसरी ओळ बदलते.

---

पोहेवाला

पोपायचे फोटो राहिले.

---

सातबारा

उद्या टाकतो. फोन पोराकडे आहे, तो झोपलाय फोनवरच.